फळ्यावरची रामरावची तारीख

पिंपळगाव रेणुकाईच्या पारावर एक काळा फळा आहे, अन् तो म्हणजे बद्रीनाथचा जीव की प्राण. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यापासून गडी रोज सकाळी त्यावर 'आजचा दिनविशेष' लिहितो. कुठल्या गायिकेचा जन्म, कुठला सिनेमा आज पहिल्यांदा लागला, कुठलं नाट्यगृह उघडलं. तारीख चुकली तर त्याला जेवण गोड लागत नाही.

यंदा त्याच्या ध्यानात आलं, आपल्या गावात पहिलं नाटक झालं त्याला पन्नास वर्षं होताहेत. नायिका होता त्याचा जिगरी दोस्त रामराव. अहो, दांडगा गडी. पण नऊवारी नेसून उभा राहिला तेव्हा बायांनी पदरानं डोळे पुसले होते! कौतुक मात्र कुणी केलं नाही. उलट जन्मभर 'ताई, ओ ताई' म्हणून चिडवलं. रामराव त्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही, मान खाली घालून निघून जायचा. बद्रीनाथनं ठरवलं, त्याचं नाव फळ्यावर लिहायचंच.

पण कोणत्या दिवशी? नाटक झालं जत्रेच्या रात्री. जत्रा तिथीची, फळा तारखेचा!

पुजारी म्हणाले, "देवीच्या गावात सगळं तिथीनंच."

गुरुजी म्हणाले, "वर्धापनदिन तारखेनंच असतो. जत्रा तर दरसाल मागं-पुढं सरकते."

बायकोला, पुष्पाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "आपलं लग्न कोणत्या हिशोबानं धरता तुम्ही? दोन्ही दिवशी विसरता!"

बद्रीनाथच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिथी पटायची तोवर तारीख आठवायची. तारीख धरली की देवी डोळ्यांपुढं यायची. जत्रेचा दिवस उजाडला तरी ठरेना. शेवटी त्यानं कुठल्याशा गायिकेची जयंती लिहिली अन् सुटल्यासारखा घरी आला. तारखेला अजून अवकाश होता.

सांजच्याला पुष्पाबाई म्हणाली, "रामराव भावजी आल्ते फळ्यापाशी. इस्त्रीचा सदरा घालून. आज नाव लागणार म्हणून पुजाऱ्यानं सांगितलं असंल. दोनदा वाचलं अन् गेले बिचारे."

बद्रीनाथचा घास तोंडातच फिरला. काय हा आपला घोळ! बरं, तारीख तरी हातात आहे, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. तर दुसऱ्याच दिवशी रामरावचा मुलगा कल्याण पुण्याहून गाडी घेऊन हजर. "काका, बाबांना आता कायमचं तिकडंच नेतोय. उद्या सकाळी निघतो."

घ्या! तिथी गेली, तारीख अजून यायची. माणसानं करावं तरी काय?

सकाळी बद्रीनाथ खडू घेऊन फळ्यापुढं उभा राहिला. त्या दिवसाचा खरा दिनविशेष एका सिनेमाचा होता. बराच वेळ खडू हातात नुसता फिरत राहिला. मग त्यानं लिहिलं: 'पन्नास वर्षांपूर्वी आजच्या दिवशी आपल्या गावात पहिलं नाटक झालं. नायिका: रामराव.'

"बद्रीनाथराव, आज ना तिथी, ना तारीख!" गुरुजी ओरडले.

"असू द्या."

गाडी पारापाशी आली अन् थांबली. रामराव काठी टेकत उतरला. वाचलं. परत वाचलं.

"बद्री, आज न्हाई रे ते."

"फळ्यावर लिव्हलंय न्हवं? मंग आजच."

रामरावनं खांद्यावरचं उपरणं डोक्यावर ओढलं, त्याची कड दोन बोटांत धरली अन् नजर खाली केली. पन्नास वर्षांमागं अशीच केली होती. पारावर कुणी हसलं नाही. बद्रीनाथला समोरचं धड दिसेना.

रामराव परत बसला, गाडी हलायला लागली तशी त्या वेळी नाटक बघितलेली म्हातारी साळूबाई डोळे पुसत ओरडली, "ताई, सांभाळून जा गं!"

अन् गाडीच्या खिडकीतून रामरावनं पहिल्यांदा ओ दिली.