बाबांचा क्लास आणि अब्राहामाला दिलेला शब्द

आज सकाळपासून ज्यांनी ज्यांनी बाबांचा फोटो स्टेटसला ठेवलाय, त्यांनी तो काढून टाका.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. ‘प्रभूचे थोर सेवक’ वगैरे वाचलं. चहा तसाच गार झाला माझा.

हे थोर सेवक पडेगावच्या एका नर्सरीत माळी होते. आयुष्यभर मोसंबीची कलमं केली. नखांतली माती रविवारीसुद्धा पूर्ण निघायची नाही.

आणि दर रविवारी चर्चमध्ये, उपासनेच्या आधी, मोठ्यांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, क्लास घ्यायचे.

सातवी शिकलेला माणूस. समोर बँकेतले काका, मास्तर, सिस्टर. सगळे वह्या घेऊन.

तो क्लास म्हणजे बाबांचा जीव होता. शनिवारी संध्याकाळी आई आम्हाला दटावायची, “बोलू नका रे त्यांच्याशी. ते बायबलमधल्या पौलासोबत बसलेत.”

मग चर्चला नवीन पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले. डिग्रीवाले. आवाज एकदम खणखणीत.

एका रविवारी प्रवचनात म्हणाले, यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, म्हणून देवानं त्यांना दिलेली वचनं रद्द झाली. आता खरा इस्राएल, देवाची निवडलेली प्रजा, म्हणजे आपण. ती सगळी वचनं आपली.

मंडळी खूश. फुकट मिळालेलं कुणाला नको असतं?

पुढच्या रविवारी बाबांनी क्लासमध्ये जैतुनाच्या झाडाचा भाग काढला. पौलानं त्याच्या पत्रात लिहिलंय ना, यहुदी म्हणजे मूळ झाड आणि आपण बाहेरची रानटी फांदी, त्याच्यावर कलम केलेली. तो.

पिशवीतून एक रोपही आणलं होतं. खाली रानटी लिंबाचा खुंट, वर मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेला.

“हे बघा. आम्ही खुंट रानटी घेतो, अन् डोळा चांगल्या जातीचा भरतो. देवानं उलटं केलं. झाड चांगलं, अन् डोळा रानटी. तो डोळा म्हंजे आपण. कोणताच माळी असं करत नाय. ही त्याची मेहेरबानी हाय. आता डोळाच म्हणाया लागला, खुंट उपटून टाका, तर जगंल का?”

बँकेतले काका हसले. “पण त्यांनी ख्रिस्ताला मानलंच नाय की.”

“नाय मानलं. काही फांद्या तुटल्या, पौल बी तेच म्हणतो. पण देव त्या परत लावू शकतो, हे बी तोच म्हणतो. शब्द अब्राहामाला, त्यांच्या मूळ पुरुषाला दिलेला हाय. त्यांना दिलेला मोडत असंल, तर तुम्हाला दिलेला कशाला पाळंल?”

दुपारच्या जेवणाआधी बातमी पाळकसाहेबांच्या घरी पोचली.

झालं. बाबा इस्राएलचे एजंट. बाबा ख्रिस्ताला कमी लेखतात. टीव्हीवर युद्ध चालू होतं, तेही बाबांच्याच नावावर.

बाबा सांगून सांगून दमले, “मी कोणत्या सरकारचं बोलत नाय. सरकार चुकलं तर चुकलंच म्हणीन. मी देवाच्या शब्दाचं बोलतोय.”

ऐकतो कोण!

कमिटीची मीटिंग लागली. विषय एकच, बाबांचा क्लास.

त्या कमिटीत मीही होतो. गारखेड्यात फ्लॅट, बरी नोकरी, म्हणून ‘तरुणांचा प्रतिनिधी’.

आदल्या दिवशी बाबा माझ्याकडं आले. जन्मात कधी काही मागितलं नव्हतं त्यांनी.

“बोलशील ना रे माझ्या बाजूनं?”

“बोलतो ना बाबा. शब्द देतो.”

मीटिंगमध्ये पाळकसाहेब म्हणाले, “वय झालंय त्यांचं. आता आराम देऊ या.”

आराम!

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा बाप्तिस्मा होता. पाळकसाहेबांशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

क्लास बंद करायचा कागद फिरत फिरत माझ्यापुढं आला. मी सही केली.

त्यामुळं ही पोस्ट फक्त तुमच्यासाठी आहे असं समजू नका. मीही त्यातलाच. कदाचित सगळ्यात हलकट मीच.

त्यानंतर दोन वर्षं बाबा शेवटच्या बाकावर बसले. एकही रविवार चुकवला नाही. आणि तुमच्यापैकी एकानंही त्यांना विचारलं नाही, की दादा, क्लास परत कधी?

घरी त्यांनी मला एका अक्षरानं छेडलं नाही. आई सांगायची, शनिवारी संध्याकाळी अजूनही शास्त्र उघडून बसतात. सवय.

कबरस्तानात पाळकसाहेब वीस मिनिटं बोलले. डोळेही पुसले. क्लास का बंद झाला, तेवढंच नेमकं राहून गेलं. मी बाजूलाच उभा होतो. मीही नाही बोललो.

कारण त्याच्या चार दिवस आधी दवाखान्यात माझं तोंड बंद झालं होतं.

त्या दिवशी बाबांची अवस्था बघून माझं डोकं फिरलं. म्हणालो, “आयुष्यभर देवाच्या शब्दासाठी भांडलात. त्यानं तुमचा एवढासा क्लास तरी वाचवला का? कुठं गेला त्याचा शब्द?”

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

“क्लासचा शब्द देवानं कवा दिला होता रे? तो तर तू दिला होता.”

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही.

सलाम, बाबा.