जांभळ्या बाटल्या

"आता बोला, काय करायचं याचं?" मेहतांनी माझ्या टेबलावर जांभळी बाटली ठेवली.

मेहता म्हणजे आमच्या अंधेरीच्या काचकारखान्याचे मॅनेजर. मी तिथला केमिस्ट. औषध कंपनीच्या ऑर्डरच्या बाटल्या दिवाळीपासून यार्डात पडून होत्या, सगळ्या बिनरंगी. मे महिन्यात कंपनीचा माणूस न्यायला आला, तर अर्ध्याअधिक जांभळ्या. तो तसाच परत गेला.

"सावंतने मिक्सिंगमध्ये भलतंच काहीतरी टाकलं. चार दिवस घरी बसवलाय. सोमवारी नाव काढून टाकतो."

सावंत वाळू, सोडा, चुना मोजून एकत्र करायचा. वाळूतल्या लोखंडामुळे काच हिरवट येते, म्हणून तो रंग मारायला त्यात थोडं मँगनीज घालतात. किती, ते मी तोंडी सांगायचो. दिवाळीआधी वाळू वाईट आली, तेव्हा मी ते दुप्पट केलं होतं. सावंतने विचारलं होतं, "एवढा टाकूचा काय, साहेब?" मी म्हणालो होतो, "टाक रे तू." आणि हे चार दिवस चूक त्याचीच, असं मीही धरून चाललो होतो.

यार्डात जाऊन ढीग उपसला. उन्हात असलेल्या बाटल्या जांभळ्या, ढिगाच्या आतल्या बिनरंगी. भलतं काही पडलं असतं तर सगळ्याच रंगल्या असत्या; हे उन्हाने रंगलेलं माझंच जादा मँगनीज होतं.

मेहतांना समजावलं. काचेतल्या मँगनीजच्या अणूत d नावाचं एक उपकवच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं एक घर असतं. त्यात पाच खोल्या. एका खोलीत दोन इलेक्ट्रॉन मावतात, पण रिकामी खोली असेपर्यंत कुणी जोडीने राहत नाही. इथे इलेक्ट्रॉन पाचच, म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली. तोवर रंग जवळजवळ दिसत नाही. उन्हाने त्यातला एक बाहेर पडला, चार उरले, की काच जांभळी होते.

"अंधेरीत कुणाला वेगळी खोली मिळते हो?" मेहता म्हणाले. "लेक्चर नको, दाखवा."

नव्या बाटल्या हळूहळू थंड करायची भट्टी असते. तिच्यात दोन जांभळ्या बाटल्या ठेवल्या. भलती पावडर पडली असेल तर रंग टिकेल. उन्हाचा असेल तर उष्णतेने इलेक्ट्रॉन परत येईल आणि रंग जाईल. संध्याकाळी दोन्ही बाटल्या बिनरंगी निघाल्या.

"मँगनीज जास्त कुणी सांगितलं?"

"मी."

मेहतांनी सावंतला निरोप धाडला. सगळा लॉट भट्टीतून काढला आणि कंपनीने तो घेतला. सावंत सोमवारी कामावर आला. त्यालाही मी पाच खोल्यांचं सांगितलं. मला फार लाज वाटत होती, म्हणून जरा जास्तच सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो एक भायर गेलो, तर बाटलेचो रंग बदललो. मी चार दिवस भायर होतंय, तेव्हा हय कोणाचो रंग बदललो?"

मी कागद ओढला. मँगनीज निम्मं केलं. ते पहिल्यांदाच चिठ्ठीवर लिहून दिलं आणि खाली सही केली. सावंतने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मगच वाळूला हात लावला.