बांधालगतची वाळू

आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं नांगरलेल्या माणसाला उतारवयात कुणी फोन करून म्हणालं, समुद्रकिनारा नांगरून द्याल का, तर तो काय विचारेल? या नांगरवाल्यानं विचारलं, "पेरायचं काय?"

फोनवरच्या मॅडम हसल्या. "पेरणारी तिची ती येईल, काका. तुम्ही फक्त जमीन मऊ करून द्या."

तेवढ्यावर तो तयार झाला. बायकोनं कपाळाला हात लावला.

"अहो, काम किती दिवसांचं ते तरी विचारलंत?"

"राहिलं."

"आणि पेरणारी कोण?"

"तेही राहिलंच की. आता जाऊनच बघू."

किनारा तिच्या माहेरच्या गावाचा होता, म्हणून तीही ट्रॅक्टरपाठोपाठ आली. तिचा भाऊ तिथं किनाऱ्यावर बसायला खुर्च्या आणि मोठ्या छत्र्या भाड्यानं द्यायचा. गेली काही वर्षं समुद्रानं वाळू खात खात लाटा थेट रस्त्याच्या भिंतीपर्यंत आणल्या होत्या, आणि खुर्च्या घराखालच्या खोलीत धूळ खात पडल्या होत्या. यंदा मात्र एका जहाजानं समुद्राच्या तळाची वाळू उपसली, जाड नळांतून ती किनाऱ्यावर सोडली आणि बुलडोझरांनी सपाट केली. किनारा परत आला. पण अवजड यंत्रांच्या येण्याजाण्यानं तो असा दडपून बसला, की मेहुण्याच्या छत्रीचा दांडा आत शिरेना.

"भावजी, वाळू कसली, फरशी आहे ही," मेहुणा म्हणाला.

नांगरवाल्यानं वाळू मुठीत घेतली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"अहो, तोंडात काय घालताय? लहान आहात का?"

"खाली शिंपल्यांचा चुरा आहे. समुद्राच्या तळाशी पण जुनी वस्ती दिसते."

पेरणारी कोण ते मॅडमनी समजावलं. त्या किनाऱ्यावरच्या कासवांची देखरेख करायच्या. कासवीण रात्री पाण्यातून वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. वाळू घट्ट लागली तर अंडी तशीच पोटात घेऊन परत फिरते.

"आणि मग?"

"दुसरी जागा शोधते. नाही मिळाली तर पाण्यातच टाकते. मग त्यांचं काही होत नाही."

हे ऐकल्यावर त्याला काम नुसतं काम राहिलं नाही. आजवर त्यानं किती रानं नांगरली, पण उगवलेलं कधी पाहिलं नव्हतं. कोंब वर येईपर्यंत तो तीन गावं पुढं गेलेला असायचा. लोक नंतर सांगायचे, पीक चांगलं आलं हो. तो मान डोलवायचा. खरं-खोटं कुणी बघितलं?

लांब दात्यांचा नांगर लावून त्यानं किनाऱ्याला समांतर तास घातले, एकाशेजारी एक लांब चर. रस्त्याकडेला वाळूचा लांबलचक उंचवटा करून त्यावर गवत लावलं होतं. तिथपासून पाण्याच्या रेषेपर्यंतचा पट्टा उकरून निघाला. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते.

"भावजी, रोपं कधी आणताय?" मेहुणा दर फेरीला विचारी.

वाळू किती घट्ट आहे ते दाखवणारा काटा बसवलेली सळई मॅडमनी जागोजागी खुपसून पाहिली आणि काम पसंत केलं. आता ट्रॅक्टर घरी न्यायला हरकत नव्हती. पण नांगरवाला मेहुण्याला म्हणाला, बहिणीला तुझ्याकडे राहायचंय. बायको भावाला म्हणाली, मला नाही रे, यांनाच हलायचं नाहीये.

एका सकाळी किनाऱ्यावर चाकाच्या खुणेसारखी नक्षी उमटलेली दिसली. तो चिडलाच. माझ्या तासांवरून ट्रॅक्टर कुणी फिरवला? मग लक्षात आलं, माग पाण्यातून निघालाय. तो मागोमाग चालत गेला. भुसभुशीत वाळू ओलांडून माग उंचवट्याच्या पायथ्याशी पोचला होता. तिथं एक ओरखडा. थोडं पुढं आणखी एक. मग माग वळला आणि पाण्यात गेला.

त्यानं ओरखड्यात हात घातला. बोटं खाली घट्ट वाळूवर आपटली.

उंचवट्यालगतचा दोन हात रुंदीचा पट्टा कोराच राहिला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राहिला कसला, त्यानंच सोडला होता. कुणाच्याही शेतात तो बांधालगत तेवढी जागा सोडायचा, म्हणजे शेजाऱ्याशी तंटा नको. त्याच्या हाताला हा गवताचा उंचवटा बांधच वाटला होता. आणि कासवीण नेमकी तिथंच, लाटेपासून लांब, खड्डा करायला आली होती.

त्यानं मॅडमना बोलावून दाखवलं. "माझ्याकडून राहिलं."

मॅडमनी सळई टेकवली. ती आत जाईना. "माझी शेवटची खूण तुमच्या शेवटच्या तासावरच आहे," त्या म्हणाल्या. "मीही पुढं पाहिलं नाही."

"ती परत येईल?"

"दोन-चार रात्रींत येईल. पण इथंच येईल असं नाही."

त्यानं नांगराचे दाते सोडवून चौकटीच्या एका अंगाला बसवले, म्हणजे ट्रॅक्टर लांबून चालेल आणि गवताच्या मुळांना धक्का लागणार नाही, आणि कोरा पट्टा नांगरायला घेतला. मॅडम आधीची घरटी नाहीत ना ते बघत पुढं, बायको उंचवट्यावरून मागं.

"अहो, गवत जातंय. डावीकडे घ्या. तुमचं डावं, माझं नव्हे."

पुढच्या सकाळी काही नव्हतं. त्याच्या पुढच्या सकाळीही नव्हतं.

"पेरणारी रुसली वाटतं," मेहुणा म्हणाला. मग चहाचा कप त्यानं नांगरवाल्यापुढं सरकवला.

मग एके दिवशी माग दिसला. चढलेला एक, उतरलेला एक, आणि दोन्हींच्या मधे बांधालगत पोरं खेळून गेल्यासारखी उसकटलेली वाळू. त्यानं हात लावला नाही. मॅडम आल्या, गुडघ्यांवर बसल्या, बोटांनी हळूहळू वाळू बाजूला करत गेल्या आणि थांबल्या.

"या, काका."

तो वाकला. खाली पांढरं, गोल काहीतरी होतं, पिंगपाँगच्या चेंडूएवढं. मॅडमनी ते लगेच झाकलं.

"उगवायला किती दिवस?"

"दीड-दोन महिने. वाळूच्या उबेवर आहे."

"पुढच्या कामाचा फोन आला होता," बायको मागून म्हणाली. "मी सांगितलं, यांची पेरणी झालीय, उगवल्याशिवाय हलायचे नाहीत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. घरट्यापासून लाटांपर्यंत त्याचे खोल तास आडवे पसरलेले होते.

"मॅडम, पिल्लू केवढं असतं?"

त्यांनी तळहात पुढं केला आणि तळव्याचा मधला भाग दाखवला.

"आणि ते या तासांतून वर कसं चढणार?"

मॅडमनीही आता तासांकडे पाहिलं. "वाऱ्यानं भरतील बहुतेक," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

नांगरवाल्यानं मेहुण्याला विचारलं, "तुझ्याकडे लांब फळी आहे का रे? आणि दोरी?"

खुर्च्यांच्या खोलीत दोन्ही होतं. ट्रॅक्टर घरट्याजवळ न्यायचा नव्हता, म्हणून दोरी फळीला बांधून तिची टोकं त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली, फळीवर वजन द्यायला मेहुण्याला उभं केलं आणि घरट्यापासून पाण्यापर्यंतची वाट तो सारखी करत निघाला.

"अहो, वाकडं जाताय," बायको म्हणाली, आणि दोरीचं दुसरं टोक तिनं धरलं.