वेणीचं टोक

मुडबीत आमच्या शेजारच्या अक्काला कुणाच्याही वेणीचं टोक उन्हात धरून बघायची खोड आहे. "वल्ल्या केसात कंगवा घालायलीस कामून? टोकाला तेल लाव की!" असं ती बसस्टँडवर अनोळखी बाईलाही दरडावते.

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा अक्का आमच्याकडेच होती. केस खरे आहेत का, म्हणून मुलाच्या आईनं माझी वेणी जोरात ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का उठली आणि तिनं सरळ त्या बाईचा अंबाडाच सोडला.

"टावेलानं खसाखसा पुसताव व्हय? सगळे फाटे फुटलेत. बोटभर कातरून घ्या."

पाहुणे चहा न घेताच गेले. आई आठवडाभर अक्काशी बोलली नाही. मी मात्र त्या रात्री दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.