मोरनीच्या घशातला घास

जामखेडमध्ये आज ज्यांची पोरं दहावी-बारावीला आहेत, त्यांतले कितीतरी बाप गनीभाईंच्या मोरनीवर बसून लग्नाला गेले होते. पांढरी घोडी, चालीला मऊ. बँड अगदी कानाशी वाजला तरी बुजायची नाही. आता ती पंचविशीला टेकली होती आणि गनीभाई सत्तरीला. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिचं खोगीर कायमचं उतरवलं. "लई नाचली. आता निवांत खाऊ दे," म्हणाले.

पण खाणंच तिला जड जाऊ लागलं. गेल्या दिवाळीत कडबा पहिल्यांदा घशात अडकला. मान ताणून ती खोकत होती, नाकातून लाळ आणि चोथा गळत होता. जनावरांच्या डॉक्टर रुपाली मॅडमनी नाकातून नळी घालून कोमट पाण्यानं घसा मोकळा केला. दाढा झिजल्यात, चावता येत नाही, तसंच गिळते, असं त्यांनी सांगितलं.

त्या दिवसापासून कडबा बंद. गनीभाई कोंडा आणि भरडा भिजत घालायचे, पेजेसारखा पातळ करायचे आणि दिवसातून पाच वेळा थोडा थोडा द्यायचे. तिनं अधाशासारखं खाऊ नये म्हणून घमेल्यात दोन मोठे गोटे ठेवायचे. ईदला घरी या म्हणून सावेडीत राहणाऱ्या लेकीनं, आयेशानं, तीनदा फोन केला. ते गेले नाहीत. एवढं करूनही घास आणखी दोनदा अडकला.

चौथ्या वेळी गनीभाई दुपारची नमाज पढून परतले, तर मोरनीच्या नाकातून पांढरा लगदा गळत होता. कुंपणापलीकडे शेजारच्या छबूबाई उभ्या होत्या.

"गनी, तुकडाच दिला रं. कालची भाकर हुती."

वीस वर्षं त्या कुंपणातून मोरनीला भाकर देत आल्या होत्या. देऊ नका म्हणून गनीभाईंनी कितीदा सांगितलं. त्या व्हय म्हणायच्या आणि विसरायच्या. हल्ली त्यांना नातवाचं नावही आठवत नसे. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

गनीभाईंनी मॅडमना फोन लावला. मॅडम लांबच्या वस्तीवर एका अडलेल्या म्हशीपाशी होत्या. "दीड तास लागेल, चाचा. पाणी, चारा काही देऊ नका. डोकं खाली राहू द्या. घशात काही घालू नका."

म्हणजे काहीच करू नका. गनीभाई तिच्या मानेच्या डाव्या बाजूच्या लिंबाएवढ्या फुगवट्यावरून हलका हात फिरवत उभे राहिले.

"म्या मारली का रं तिला?" छबूबाईंनी विचारलं.

"न्हाई मावशी. तुमी जाऊन पडा जरा."

त्या गेल्या नाहीत.

मॅडम आल्या, गुंगीचं इंजेक्शन दिलं, नळी घालून पाणी सोडलं. पाचव्या खेपेला भाकरीचा लगदा सुटला. मग त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"सारखं अडकून आतली वाट आकसलीय, चाचा. ती रुंद करणं माझ्या हातात नाही. एक दिवस पेजसुद्धा अडकेल. आणि आत्ता थोडं फुफ्फुसात उतरलंय."

"मग मी काय करू?"

"करताय तेच."

तिसऱ्या दिवशी ताप चढला. आठवडाभर इंजेक्शनं झाली, तेव्हा कुठं उतरला. गनीभाईंनी कुंपणाला पत्रे ठोकले. छबूबाई पत्र्याआडून मोरनीला हाका मारायच्या आणि ती कान टवकारून तिकडे बघायची.

आता ते घमेलं समोर ठेवून निघून जात नाहीत. एका हातानं मूठभर पेज पुढं करतात, दुसरा हात तिच्या मानेवर. घोट खाली सरकलेला कळला की पुढची मूठ. परवा तिसऱ्या मुठीला ती थांबली, खोकली. गनीभाईंनी पेजेचा हात मागं घेतला. घोट कसाबसा खाली गेला. घोडीनं भुकेनं पाय आपटला आणि त्यांनी पुन्हा हात बुडवला.