अठ्ठाविसाव्या मजल्याचं बटण

आमची मुलुंडची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा आईला अगदी वरचा, अठ्ठाविसावा मजला आला. तिची जिवाभावाची शेजारीण, आमची मावशीच ती, सत्ताविसाव्यावर. आईचे गुडघे गेलेले. लिफ्ट आली तर बाहेर, नाहीतर अख्खा दिवस घरात.

"माझ्या बटणाक येणा नाय गो ती," आई म्हणायची. "खाली हिने दाबला की येता."

लिफ्टवाले म्हणाले, म्हाताऱ्यांना बटण नीट दाबता येत नाही. अस्सा संताप आला ना!

मी अंधेरीत मशिनच्या बोर्डांसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. ऐकल्याबरोबर खटकलं. प्रत्येक मजल्याला एक बिट, म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा; मजल्याचा नंबर जितका, तितक्या जागा 1 डावीकडे सरकवायचा. पाटीवर अठ्ठावीस, पण खाली पार्किंगचे चार मजले. बोर्डाच्या मोजणीत आई बत्तीस नंबरला. कुण्या शहाण्याने साठवायची जागा चौसष्ट बिटांची केली, पण 1 मात्र साधा int ठेवला, बत्तीस बिटांचा, म्हणजे शून्य ते एकतीस नंबरांपुरता. सरकवणं आधी होतं, साठवणं नंतर. आईचं बटण त्या बत्तीस बिटांबाहेर पडून गायब. मावशीचं नेमकं शेवटच्या बिटावर, जिथे उणे चिन्ह असतं. मोठ्या जागेत जाताना ते वरच्या सगळ्या बिटांत पसरलं. म्हणून मावशीने बोलावलेली लिफ्ट आईकडेही यायची. अरे, 1 च्या जागी 1ULL, म्हणजे चौसष्ट बिटांचा 1, लिहा की! लिफ्टवाल्यांना तसं कळवलं. "पुढच्या आठवड्यात बघतो, मॅडम."

तोवर आई फोन करायची, मावशी बटण दाबून लिफ्टमधूनच वर यायची आणि दोघी खाली बाकावर जाऊन बसायच्या.

दुरुस्ती होण्याआधीच मावशी गेली. सकाळपासून तिच्याकडे माणसांची रीघ. सगळे सत्तावीस दाबणार. त्यांना उतरवून लिफ्ट वर यायची आणि आमच्यासमोर उघडायची, रिकामी. पुन्हा पुन्हा. आई दारातच उभी होती.

"बोलवता माका," ती म्हणाली.

मला खरं कारण माहीत होतं. सांगवेना. मी तिचा हात धरला आणि त्याच लिफ्टने खाली नेलं. आईने मावशीच्या गालावरून हात फिरवला.

नंतर दुरुस्ती झाली. 1ULL आलं, सरकवण्याआधी मजल्याचा नंबर तपासणंही आलं. आईने स्वतः बटण दाबलं. लिफ्ट लगेच वर आली, दार उघडलं. आई आत बघत राहिली.

"आज नको गो," म्हणाली आणि घरात गेली.