शर्यत कचेरीच्या आत संपते

उजव्या पायाला पोलिओ झाला तेव्हा मी चालायलाही शिकले नव्हते. पुढं पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी आली, आणि तेच माझं चालणं झालं. वडील बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये कामाला होते. दहावीनंतर मी घरीच ब्लाउज शिवायला लागले. हातानं फिरवायची मशीन वडिलांनी आणून दिली होती. गल्लीतल्या बायका कापड घेऊन दारात यायच्या, गप्पा मारायच्या, जायच्या. मला बाहेर जायचं काही कारणच पडत नसे.

एका दुपारी दारात तीनचाकी सायकल येऊन थांबली. हातानं दांडा फिरवून चालवायची, तशी. तिच्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन्ही पाय लहानपणापासून लुळे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं.

"बाई, सदऱ्याचं बटण लावून देतेस काय?" ते म्हणाले.

मी बटण लावायला घेतलं. सदऱ्याला सगळी बटणं जागेवर होती. मी वर पाहिलं तर चाचा हसत होते.

"बटण राहू दे. आमची अपंगांची संघटना आहे. आठ-दहा मर्द आहेत, बाई एक नाई. तू ये."

"येऊन काय करू?"

"बोलायचं. तुले बोलता येते ना?"

आई आतून बाहेर आली. "एवढ्या दूर कशी जाईन हे?"

"जसा मी इथी आलो, तशी तिथी येईन," चाचा म्हणाले.

त्या रविवारी मी गेले. घामाघूम होऊन पोचले, पण पोचले. चाचांचं दुकान म्हणजे एक टपरी. सभा टपरीसमोरच्या कडुनिंबाखाली भरायची. कुणाला पगार नव्हता, ऑफिस नव्हतं, चहा चाचांकडून. अध्यक्ष तेच. सचिव होते चंद्रपूरचे एक गुरुजी. डोळ्यांनी अजिबात दिसत नसे. मुलांना गाणं शिकवायचे आणि दर रविवारी पांढरी काठी घेऊन रेल्वेनं यायचे. त्यांचा आवाज असा की बोलायला लागले की रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरून उभे राहायचे. अपंगांसाठी नवा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती. गुरुजींनी तो कुणाकडून तरी वाचून घेऊन पाठ केला होता. कचेरी, शाळा, दवाखाना, सगळीकडं आपल्याला जाता आलं पाहिजे असं त्यात लिहिलंय, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. मला वाटायचं, जाता येत नाही हा आपल्या पायाचा दोष.

दोन-तीन महिन्यांतच मी सहसचिव झाले. आईनं नातेवाइकांना ते पद चुकीचं का होईना, पण फार अभिमानानं सांगितलं.

त्याच वर्षी थंडीत आलापल्लीला तीनचाकी सायकली वाटायचं शिबिर झालं. आम्ही तिघं एसटीनं गेलो. चाचांची सायकल टपावर, चाचा कंडक्टरच्या शेजारी, गुरुजी सगळा रस्ता गाणी म्हणत. सागवानाचे ओंडके रचलेल्या डेपोजवळच्या मैदानात मांडव होता. आतल्या गावांतून माणसं बैलगाडीनं, खांद्यावर, खाटेवर आली होती. एवढी आपल्यासारखी माणसं मी कधी एका जागी पाहिली नव्हती. मला तर जत्रेत आल्यासारखं झालं.

तिथं ती भेटली. तिशीची, गोंड समाजाची, जंगलातल्या एका लहान गावची. पायांत जोर नाही, म्हणून गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधून हातांवर चालायची. मोहफुलं वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, असं तिचा भाऊ सांगत होता. सायकल मिळाल्या मिळाल्या ती तिच्यावर चढून बसली आणि मांडवाला एक चक्कर मारून आली. दांडा असा फिरवत होती की समोरची माणसं बाजूला पळाली. मग माझ्यापाशी येऊन थांबली.

"सायकल बेस आहे," ती म्हणाली. "मले आता कचेरीत जाता येईन काय?"

"काऊन नाई?"

"पायऱ्या आहेत ना. मी खाली आंगणात बसतो. आतून नाव पुकारते बाबू. मले आयकू येत नाई. मी वर चढून जातवरी दुसऱ्याचं नाव येते. मंग म्हणते, पुढच्या महिन्यात ये."

तिला सरकारकडून महिन्याचा थोडा पैसा मिळायचा, त्यासाठी तिला तालुक्याच्या कचेरीत जावं लागे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तशा पायऱ्या तेव्हा सगळ्याच गावांत होत्या.

परतीच्या वाटेवर गोंडपिपरीला गाडी चहासाठी थांबली तेव्हा चाचा एकदम म्हणाले, "अर्ज तर आपण लय दिले. आता शर्यत लावू."

"कशाची?" गुरुजींनी विचारलं.

"सायकलींची. तीनचाकी. तिच्याच तालुक्यात, बाजाराच्या दिवशी. लोकं येतीन का नाई पाहायला?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "सुरू बाजार चौकातून करू. संपवायची कुठं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कचेरीत, साहेबांच्या टेबलापाशी."

चाचा इतके हसले की कंडक्टर विचारायला आला, काय झालं म्हणून.

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. शिबिरातून मलाही एक सायकल मिळाली होती, तिच्यावर मी रोज हात बसवत होते. आम्ही सगळ्या परवानग्या रीतसर घेतल्या. तिथले साहेब नवीन आलेले, तरुण होते. प्रमुख पाहुणे व्हायला त्यांनी आनंदानं होकार दिला, बक्षिसाची ढालही स्वतःच देतो म्हणाले. जाहिरातीवर आम्ही ठळक छापलं होतं: बाजार चौक ते साहेबांचे टेबल. लपवलं काहीच नाही. सगळ्यांनी वाचलं आणि कुणाच्याच डोक्यात पायऱ्या आल्या नाहीत. आमच्या सायकली न्यायचा प्रश्न होता. पेपर मिलला बांबू आणून टाकणारे ट्रक जंगलाकडं रिकामे परत जायचे. एका ड्रायव्हरनं सगळ्या सायकली त्यात रचून नेल्या आणि वर आम्हालाही.

शर्यतीच्या दिवशी बाजार ओसंडून वाहत होता. भाजीवाल्या बायका दुकानं सोडून रस्त्याच्या कडेला आल्या. शाळा सुटली नव्हती, तरी पोरं भिंतीवर होती. आमच्या हँडलांना झेंडूच्या माळा. गुरुजी कचेरीच्या फाटकापाशी लाउडस्पीकरचा माइक घेऊन बसले होते, शेजारी एक पानठेलेवाला. तो पाहून सांगायचा, गुरुजी त्यात स्वतःचं घालून माइकवर सांगायचे. शर्यत सुरू व्हायच्या आधीच लोक त्यांच्या बोलण्यावर टाळ्या देत होते.

चाचांनी आम्हाला गोल जमवलं. "एकच गोष्ट. पायरीपाशी गेल्यावर कोणी उतरायचं नाई. कोणाले उचलू द्यायचं नाई."

शिट्टी वाजली. त्याआधी मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. त्या दिवशी पळाले म्हणायचं. दांडा फिरवता फिरवता हात पेटले, वारा कानात शिरला, आणि दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, मला, माझ्यासाठी. चाचांच्या सायकलची चेन वळणावर उतरली. ते रस्त्याच्या मधोमध बसून चेन चढवू लागले आणि मागून येणाऱ्यांना "इकडून जा, इकडून" सांगू लागले. मी त्यांना मागं टाकलं. माझ्या पुढं फक्त ती होती. मोहफुलं वेचून आणि हातांवर चालून घडलेले ते हात, त्यांना गाठणं माझ्यानं होणार नव्हतं. तरी मी सोडलं नाही.

"जंगलाची वाघीण पहिली," गुरुजींचा आवाज गरजला, "मागं बल्लारपूरची ब्लाउजवाली." तेवढ्यातही मला हसू फुटलं.

ती कचेरीच्या आवारात शिरली आणि पायऱ्यांपाशी थांबली. मीही तिच्या शेजारी जाऊन थांबले. मग एकेक करून सगळे. वर दारात साहेब हातात ढाल घेऊन उभे. गर्दी ओरडत होती, पुढं चला, पुढं चला. मग समोरच्यांना दिसलं. ओरडणं पुढून मागं बंद होत गेलं.

स्पीकरवर गुरुजी शांतपणे म्हणाले, "पहिला नंबर पायरीपाशी पोचला आहे. शर्यत अजून संपलेली नाही."

चार तरुण पुढं आले, सायकलीसकट तिला उचलायला. तिनं हात आडवा केला.

"आज तुम्ही उचलसान. उद्या कोन उचलन?"

ते मागं झाले. साहेब पायऱ्या उतरून खाली आले. त्यांना राग आला असता तर आमचं काही खरं नव्हतं. त्यांनी ढाल पुढं केली. तिनं नमस्कार केला, पण ढाल घेतली नाही.

"साहेब, शर्यत आत संपते. मी आत येऊन घेईन."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, मागं वळून पायऱ्यांकडं पाहिलं. मग ते खालच्या पायरीवरच बसले. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"बाई, मग केव्हा याल?"

"रस्ता झाल्यावर."

"बरं," ते म्हणाले. "तोवर ढाल माझ्या टेबलावर राहील."

लोकांनी जो आवाज केला, तो मी कधी विसरणार नाही. चाचा तेव्हा कुठं चेन चढवून पोचत होते, आणि आपल्यासाठीच टाळ्या आहेत असं समजून हात हलवत आले.

पायऱ्यांशेजारी सायकलींसाठी उतार लवकर झाला, पण चुकला. आम्हाला दाखवायला बोलावलं तेव्हा चाचा आधी गेले. अर्ध्यावर चढले आणि सायकल उलटी घसरायला लागली. खाली उभ्या माणसांनी धरली म्हणून बरं. तो उतार इतका उभा होता की बकरीच चढली असती. बांधकामवाल्याचं म्हणणं होतं, उतार म्हणजे उतार, त्यात काय. मग मी आणि ती तिथंच थांबलो. सायकल किती तिरपी झाली म्हणजे हात सुटतात, ते आम्ही त्याला पुन्हा पुन्हा चढून दाखवलं. दुपारपर्यंत तोही आमच्या एका सायकलवर बसून दांडा फिरवू लागला. दोन फेऱ्यांत त्याला दम लागला. नवा उतार त्यानं भिंतीच्या कडेनं लांब नेला, मधे वळण दिलं, कठडा लावला.

उन्हाळा लागायच्या आधी आम्ही परत गेलो, बांबूच्या त्याच ट्रकमधून. कुणी बोलावलं नव्हतं, तरी बाजारातली माणसं जमली होती. उताराच्या तोंडाशी आम्ही तेव्हाच्याच नंबरानं उभे राहिलो. ती पहिली. ती सावकाश गेली. वळणावर थांबली, दम घेतला, वर पोचली आणि दारातून आत नाहीशी झाली. पाठोपाठ मी. आतला फरशीचा गारवा मला आधी जाणवला. दोन टेबलं, एक पंखा, कपाटं, आणि जिथून नाव पुकारायचे ती खिडकी. ती मधोमध थांबून सगळीकडं पाहत होती.

"येवढीच आहे काय खोली?" ती म्हणाली. "मले वाटे, लय मोठी असन."

बाबू लोकसुद्धा हसले. साहेबांनी टेबलावरची ढाल उचलून तिच्या मांडीवर ठेवली, आणि ती रडायला लागली, आणि तिला पाहून मी. गुरुजी आपली काठी टेकत उताराच्या कठड्याला हात लावून लावून वर आले. "गुळगुळीत झालाय," ते म्हणाले, आणि परत खाली जाऊन पुन्हा एकदा वर आले.

बाहेर चहा चालला होता तेव्हा सिरोंच्याकडून आलेला एक बाप आमच्यापाशी उभा राहिला. पाठीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, पाय लोंबकळत असलेले. तो तेलुगूत भराभर बोलत होता. आमच्यात तेलुगू येणारी ती ढालवालीच एक, तेही मोडकंतोडकं.

"त्याच्या पोरीची शाळा पायऱ्यांवर आहे," तिनं सांगितलं. "तो म्हणते, तिथी कधी येता?"

चाचांनी मुलीकडं पाहिलं, मग लगेच ट्रकच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि सिरोंच्याकडं बांबूचे ट्रक जातात का, ते विचारायला लागले. गुरुजींनी त्या बापाचा हात धरून ठेवला होता. तेलुगूत 'पहिला नंबर' कसं म्हणतात, ते त्यांना आत्ताच शिकून घ्यायचं होतं. तो सांगत होता, गुरुजी म्हणून दाखवत होते, आणि ते चुकलं की पाठीवरची मुलगी खळखळून हसत होती.